मंजूषाबाईंनी तीनदा केलेली मागणी

दूधवाल्याने दूध घातलं की मंजूषाबाई खिरवडकर आधी पातेलं हलवून बघत, मग दूधवाल्याचं तोंड बघत, आणि दोन्ही पटलं तरच पातेलं आत नेत. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. मंजूषाबाई ओढून बघत, फाटकापर्यंत जात, परत येत आणि पुन्हा ओढत. बाग सेवनियातल्या त्यांच्या कॉलनीत कोणी 'मेसेज टाकलाय हं' म्हटलं, की समोरच्याच्या देखत फोन उघडून तो खरंच आलाय का ते त्या पाहत. यजमानांचं नाव विश्वास. त्यावरून जो विनोद व्हायचा तो इतक्या वेळा होऊन गेला होता की आता त्याला कोणी हसतही नसे. विश्वासराव स्वतः मात्र अधूनमधून म्हणत, "यमराज न्यायला आले ना, तर ही त्यांच्याकडे ओळखपत्र मागेल. आणि फोटो जुळत नाही म्हणून परत पाठवेल."

हा संशय बाई जन्मतःच घेऊन आल्या होत्या असं नाही. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. लग्नाआधी तिथल्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता. कचेरीतला बाबू दर खेपेला गोड हसून सांगायचा, "भेज दिया है, बिटिया, ऊपर भेज दिया है." अर्ज वर गेलाच नव्हता. मुदत टळेपर्यंत तो बाबूच्या टेबलाच्या खणात, सुपारीच्या डबीखाली पडून होता. जागेवर कोणाची भाची लागली हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तेव्हापासून 'पाठवलं आहे' असं कोणी म्हटलं की बाईंच्या मनात पाल चुकचुकायची. मला विचाराल तर इथपर्यंत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

साकेत नगरात मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आसपास जी खासगी हॉस्पिटलं उगवली, त्यांतल्या एकात बाई वॉर्ड क्लार्क होत्या. तिसऱ्या मजल्यावर सर्जिकल वॉर्डाच्या तोंडाशी त्यांचं टेबल. डॉक्टरांनी लिहून द्यायचं आणि बाईंनी ते कॉम्प्युटरवर चढवायचं: औषधं, तपासण्या, जेवण, रक्त. काम अगदी चोख. त्यांच्या वॉर्डाचा एकही रिपोर्ट कधी हरवला नाही, कारण तो हरवायच्या आत बाई लॅबच्या दारात उभ्या असत. लॅबमधली पोरं पाठीमागे त्यांना 'सीबीआयवाली मॅडम' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मग हॉस्पिटलात नवी पद्धत आली. तिथला सर्व्हर अधूनमधून बसायचाच. तो बसला तरी काम अडू नये म्हणून, वॉर्डातून केलेली मागणी त्या त्या कॉम्प्युटरच्याच पोटात जपून ठेवली जाऊ लागली. मागणीपुढे पिवळा ठिपका यायचा. सर्व्हर उठला की पोटातल्या मागण्या रांगेने आपोआप पुढे जायच्या आणि ठिपका हिरवा व्हायचा. हे शिकवायला परीक्षित नावाचा एक तरुण इंजिनिअर आला होता. मराठी मुलगा म्हणून बाईंनी त्याला चहा पाजला आणि मग धारेवर धरलं.

"एकदा पाठवलं की विसरून जायचं, मॅडम," तो म्हणाला. "ठिपका पिवळा असला तरी परत पाठवायचं नाही."

"आणि गेलंच नाही तर?"

"जाईल."

"गेलं हे मला कोण सांगणार?"

"हिरवा ठिपका."

"आणि ठिपकाच खोटं बोलला तर?"

 परीक्षितने चहा संपवला आणि तो पुढच्या वॉर्डात गेला.

वॉर्डातल्या नर्स पोरींनी दुसऱ्याच दिवशी पिवळ्या ठिपक्याचं नाव 'हळद' ठेवलं. सर्व्हर बसला की त्या ओरडायच्या, "मैडम, हल्दी लग गई, बारात निकलना बाकी है!" बाई हसायच्या नाहीत. तो पिवळा ठिपका बघितला की त्यांना सुपारीची डबी दिसायची.

म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत काढली. ठिपका पिवळाच राहिला तर त्या शेजारच्या मेडिकल वॉर्डात जात आणि तिथल्या कॉम्प्युटरवरून तीच मागणी पुन्हा करत. तिथेही पिवळा दिसला तर खाली स्वागतकक्षात. तीन बाबूंपैकी एक तरी इमानदार निघेल, असा त्यांचा हिशेब. सर्व्हर बंद असताना एका कॉम्प्युटरच्या पोटात काय आहे ते दुसऱ्याला कळायला काही मार्ग नव्हता, त्यामुळे सर्व्हर उठला की तिन्ही मागण्या तीन वेगळ्या म्हणून पुढे जात. मागणी तपासणीची असली तर लॅबवाला कपाळाला हात लावून जास्तीच्या खोडून टाकायचा. जेवणाची असली तर एका पेशंटपुढे तीन वाट्या दलिया यायचा आणि नातेवाईक तो खाऊन टाकायचे. बाईंना यावरून कोणी कधी रागावलं नाही. कोणी रागावत नाही म्हणजे आपलं बरोबरच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तळघरात रक्तपेढी होती आणि तिथे काशिनाथ मालवीय नावाचा टेक्निशियन होता. अशोका गार्डनमध्ये, रेल्वेलाइनच्या बाजूला राहणारा, मोजकंच बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्या माणसाचा तर बाईंना विशेष संशय. त्यातून एकदा त्यांनी त्याला जिन्याखाली कोणाशी तरी कुजबुजताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या कोणाच्या तरी पेशंटला रक्त मिळालं. रक्तपेढीतून रक्त मिळणं यात नवल ते काय? पण बाईंना कुजबूज पुरली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी पक्कं केलं, आणि मनात ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते त्यांनी भिशीत सांगितलं, हळदीकुंकवात सांगितलं, गणपतीच्या मंडपात खुर्च्या मांडता मांडता सांगितलं: "दुर्मीळ गटाचं रक्त ते लोक बाजूला काढून ठेवतात. ओळखीच्यांसाठी. सामान्य माणसाला मिळत नाही." बायका माना हलवत. हॉस्पिटलात काम करणारी बाई सांगतेय म्हटल्यावर खोटं कशाला असेल?

माना हलवणाऱ्यांत शेजारच्या सुशीलाताई होत्या. त्यांची सून ऋतुजा गरोदर राहिली आणि तिचा रक्तगट बी निगेटिव्ह निघाला, तेव्हा सुशीलाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. मंजूषाबाईंनी त्यांना धीर दिला. "आमच्याकडेच आणा तिला. मी आहे ना तिथे! सगळं माझ्या डोळ्यांदेखत होईल." सुशीलाताईंच्या मुलाने, सौरभने, दुसरीकडे घेतलेली तारीख रद्द केली आणि ऋतुजाचं नाव इथे घातलं. एवढा भरवसा कॉलनीत कोणी कोणावर टाकत नाही, आणि तो नेमका मंजूषाबाईंवर पडला.

ऋतुजाला भरती केलं त्याच दिवशी सकाळी सर्व्हर बसला.

बाईंच्या वॉर्डात आठ नंबरच्या बेडवर एक आजोबा होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्त राखून ठेवायला सांगितलं होतं. गट बी निगेटिव्ह. गट तोच निघाला याला बाई जबाबदार नव्हत्या. पुढच्या सगळ्याला होत्या.

त्यांनी मागणी केली. हळद लागली. घाई काहीच नव्हती, ऑपरेशन उद्याचं. पण चहाचा कप संपेपर्यंत ठिपका पिवळाच राहिला तेव्हा बाईंना चैन पडेना. मेडिकल वॉर्डात जाऊन त्यांनी तीच मागणी पुन्हा केली. तिथेही पिवळा. मग ऋतुजाला बघायला खाली जाताना स्वागतकक्षातल्या पोरीला बाजूला सरकवून तिसऱ्यांदा केली. ऋतुजा पलंगावर बसून मोसंबी खात होती. "काकू, तुम्ही आहात म्हणून मला टेन्शनच नाहीये," ती म्हणाली. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि वर गेल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर उठला. बाईंच्या टेबलावरचा ठिपका हिरवा झाला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकीच्या दोन ठिकाणचे ठिपकेही हिरवे झाले असतील, ते खोडायला हवेत, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. लॅबवाला खोडतो तसा खालचा खोडेल.

खालच्याला मात्र तसं खोडता येत नव्हतं. खुब्याच्या ऑपरेशनला डॉक्टर दोन पिशव्या मागतो, तसा एखादा सहाही मागतो. तळघरातल्या माणसाने ते कोणत्या बळावर कमी करायचं? काशिनाथने फोन उचलला आणि वॉर्डाला लावला.

"मैडम, आपके यहाँ से बी निगेटिव की माँग आई है," तो म्हणाला. "ये पूरी की पूरी रखनी है क्या? फिर स्टॉक में कुछ बचेगा नहीं."

बाईंना यातलं एवढंच ऐकू आलं की हा माणूस कमी द्यायला बघतोय. ओळखीचं कोणीतरी आलं असणार.

"पूरी की पूरी," त्या कडाडल्या. "एक बूँद कम नहीं चलेगी, काशिनाथजी. डॉक्टर ने लिखा है तो सोचकर ही लिखा होगा. आप क्यों पूछ रहे हैं?"

"यूँ ही, मैडम. ठीक है," काशिनाथ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आपण त्याला बरोबर पकडलं या समाधानात बाईंनी दुपारचं काम झरझर उरकलं. तळघरात काशिनाथने बी निगेटिव्हच्या सहाच्या सहा पिशव्या आजोबांच्या नमुन्याशी जुळवून पाहिल्या, त्यांना आठ नंबर बेडची चिठ्ठी लावली आणि फ्रिजच्या वेगळ्या खणात ठेवल्या. तिथला नियम असा होता की अशा राखून ठेवलेल्या पिशव्या, ज्या वॉर्डाने मागितल्या त्याने सोडल्याशिवाय दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत. नियम चांगलाच होता. तो नसता तर ऑपरेशन टेबलावरच्या माणसाचं रक्त कोणाही वशिलेबाजाने पळवून नेलं असतं.

दुपार कलता कलता ऋतुजाला मुलगी झाली. सौरभचा फोन आला तेव्हा बाईंनी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं, नर्स पोरींनी टाळ्या वाजवल्या. थोड्याच वेळात दुसरा फोन आला. सौरभला धड बोलता येत नव्हतं. ऋतुजाचा रक्तस्राव थांबत नाहीये, एवढंच बाईंना कळलं. टेबल तसंच टाकून त्या खाली धावल्या.

प्रसूतिकक्षाबाहेर सुशीलाताई बाकावर बसून डोळे मिटून काही पुटपुटत होत्या. डॉक्टर सौरभला सांगत होत्या की रक्त ताबडतोब हवं, आणि रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवरून उत्तर आलंय: बी निगेटिव्ह उपलब्ध नाही. आणीबाणीसाठी ठेवलेलं, कोणालाही चालणारं ओ निगेटिव्ह सकाळच्या एका अपघातात संपलेलं. "शहर में जहाँ मिले वहाँ से लाइए, और जल्दी लाइए," असं म्हणून त्या आत गेल्या.

"उपलब्ध नाही?" बाईंचा आवाज चढला. "दुपारीच त्याने मला फोन केला होता. स्टॉकमध्ये बचेगा नहीं म्हणाला. म्हणजे तेव्हा होतं ना? मग इतक्यात गेलं कुठे?"

सौरभ फोनमध्ये दुसऱ्या रक्तपेढ्यांचे नंबर शोधायला लागला होता.

"सौरभ, आहे त्यांच्याकडे," बाई म्हणाल्या. "मी कधीपासून सांगतेय ना? लपवून ठेवलंय, नाहीतर विकलंय. चल माझ्याबरोबर."

त्या क्षणी बाईंना भीती वाटत होती हे खरं. पण भीतीच्या पोटात कुठेतरी 'बघा, मी म्हणत नव्हते?' हेही होतं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण होतं.

ते तळघरात पोचले तेव्हा काशिनाथ फोन कानाला लावून उभा होता. सौरभने काही विचारलंच नाही. त्याने काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली आणि ओढली. शर्टाचं बटण तुटून खाली पडलं.

"कितने में बेचा? बोल! मेरी बीवी मर रही है ऊपर!"

"भैया, मैं फ़ोन ही लगा रहा हूँ," काशिनाथ गुदमरत म्हणाला. "कब से लगा रहा हूँ."

"किसको?" बाई पुढे झाल्या. "ग्राहक को?"

"आपको, मैडम."

बाईंना कळेना.

"आपके वार्ड में घंटी जा रही है, कोई उठाता नहीं. वार्ड का दूसरा नंबर मेरे पास है नहीं, और फ्रिज छोड़कर ऊपर आ नहीं सकता, मैं यहाँ अकेला हूँ," काशिनाथ म्हणाला. सौरभची पकड ढिली झाली तसा त्याने मागे वळून फ्रिज उघडला. "ख़ून तो है. सब आपके नाम पर रखा है. आप छोड़ेंगी तब तो दूँगा."

वेगळ्या खणात पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: सर्जिकल वॉर्ड, बेड आठ. दोन पिशव्यांवर मागणी बाईंच्या टेबलावरून, दोनवर मेडिकल वॉर्डातून, दोनवर स्वागतकक्षातून. आणि सहाही चिठ्ठ्यांवर मागणी करणाऱ्याचं नाव एकच, मंजूषा खिरवडकर. वर, रिकाम्या टेबलावर, ज्याला त्या ओळखीच्यांचा दलाल समजत होत्या त्याचाच फोन त्यांच्यासाठी वाजत राहिला होता.

 बाईंनी एका चिठ्ठीवर बोट ठेवून आपलं नाव पुन्हा वाचलं.

"सोडा," त्या म्हणाल्या. "छोड़ दीजिए. हमारे वार्ड का है. सब छोड़ दीजिए, मी सही करते, डॉक्टरांना मी सांगते. लवकर करा हो, जल्दी!"

काशिनाथने कॉलर सारखी केली नाही. ऋतुजाचा नमुना त्याच्याकडे आलेलाच होता, तो त्याने आधीच जुळवून ठेवला होता. पिशव्या डब्यात घालून त्याने त्या सौरभच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "संभाल के ले जाना, हिलाना मत." यातलं सौरभच्या डोक्यात एवढंच शिरलं होतं की काकूंनी म्हटल्यावर फ्रिजमधून रक्त निघालं; जाता जाता त्याने बाईंचा हात घट्ट दाबला. "काकू, तुम्ही होता म्हणून," तो म्हणाला आणि जिन्याकडे धावला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. बाई बोलल्या नाहीत. ऋतुजाचं आधी होऊ दे, असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि मनाने ते लगेच ऐकलं. आठ नंबरच्या आजोबांसाठी संध्याकाळी दुसऱ्या रक्तपेढीतून पिशव्या आल्या. ऋतुजा दोन-तीन दिवस अतिदक्षता विभागात राहिली आणि वाचली.

इकडे सौरभने व्यवस्थापनाकडे काशिनाथविरुद्ध लेखी तक्रार दिली आणि कॉलनीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. पैसे उकळण्यासाठी टेक्निशियनने रक्त दडवून ठेवलं होतं, मंजूकाकूंनी त्याला रंगेहाथ पकडलं, आणि खाली काशिनाथचं पूर्ण नाव. त्यावर कॉलनीने हात जोडलेली चित्रं पाठवली. कोणी लिहिलं, 'काकू इतकी वर्षं सांगत होत्या ते खरं निघालं.' चौकशी होईपर्यंत काशिनाथला रक्तपेढीतून काढून भांडारात बसवलं.

बाईंनी पहिल्यांदा विश्वासरावांना सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी कोपरखळी मारली नाही. चष्मा पुसत ते म्हणाले, "मग जाऊन सांग. तुझ्याऐवजी कोण सांगणार?"

बाई अधीक्षकांपुढे गेल्या. परीक्षितला बोलावलं गेलं आणि त्याने तीन कॉम्प्युटरांतून तीन मागण्या काढून दाखवल्या. "मॅडम, मी सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला, तेही हळू. बाईंना लेखी ताकीद मिळाली. सौरभला 'चौकशीत काही आढळलं नाही' एवढंच कळवलं गेलं आणि काशिनाथ परत रक्तपेढीत आला. बाई त्याची क्षमा मागायला तळघरात गेल्या. तो पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होता. त्याने बसायला स्टूल पुढे केलं.

"मुझसे बड़ी भूल हुई, काशिनाथजी," बाई म्हणाल्या.

"नौकरी तो लौट आई, मैडम," तो म्हणाला. "पर वो मैसेज घूमते-घूमते अशोका गार्डन पहुँच गया. मेरी बेटी को उसकी सहेली ने दिखाया. बच्ची ने मुझसे पूछा नहीं कुछ. बस दो दिन से बात नहीं कर रही." चिठ्ठी नीट बसली का ते त्याने बोटाने दाबून पाहिलं. "पूछती तो मैं बता देता."

 ग्रुपवर लिहायचं म्हणून बाईंनी अनेकदा फोन हातात घेतला आणि सुशीलाताईंचा चेहरा आठवून खाली ठेवला.

बाळाचं बारसं जरा उशिराच झालं. हॉलमध्ये पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा होत्या, स्वयंपाकघरातून घुगऱ्यांचा वास येत होता. ऋतुजा खुर्चीत बसली होती, अजून पांढरी फटक. सुशीलाताईंनी मंजूषाबाईंना हाताला धरून पुढे आणलं, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाव आत्या ठेवेल. पण हिला पाळण्यात घालणार ती मंजूच. हिने रक्त आणलं नसतं तर आज हे बारसं नसतं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळ झोपेत ओठ हलवत होतं. बाईंना वाटलं, आत्ता आपण गप्प राहिलो तर जन्मभर गप्प राहू.

"सुशीलाताई, आधी माझं ऐका," त्या म्हणाल्या. "त्या माणसाने काहीही लपवलं नव्हतं. त्याचा काडीचा दोष नाही."

सुशीलाताई कौतुकाने हसल्या. "बघा, केवढं मन! घरी येऊन पाय धरले वाटतं त्याने?"

"नोकरीचा प्रश्न असतो हो," मागून कोणी म्हणालं. "वरून दबाव आणतात. मंजूताई बिचाऱ्या काय करतील?"

बायकांनी माना हलवल्या. या माना अशा हलवायला मंजूषाबाईंनीच त्यांना शिकवलं होतं.

"कोणाचा दबाव नाही!" बाई जवळजवळ ओरडल्या. बाळ दचकलं, त्यांनी त्याला थोपटलं. "आमच्या पेशंटला दोन पिशव्या हव्या होत्या. कॉम्प्युटर म्हणाला, ठेवून घेतलंय, नंतर पाठवतो. माझा विश्वास बसला नाही. मी तीन ठिकाणांहून तीनदा मागितल्या. त्याने फोन करून विचारलं, सगळ्या ठेवायच्या का, तर मीच त्याच्यावर डाफरले. ऋतुजासाठी तो मला फोन लावत होता तेव्हा मी टेबलावर नव्हते. मी सौरभला घेऊन त्याची कॉलर धरायला गेले होते."

"अगं, पण इतकी वर्षं तूच सांगत होतीस—"

"मला काहीही माहीत नव्हतं, सुशीलाताई. मी नुसती सांगत होते."

 खुर्चीतून ऋतुजाचा बारीक आवाज आला. "काकू, म्हणजे माझं रक्त खालीच होतं?"

"होतं, बाळा."

"आणि डॉक्टर सौरभला म्हणत होत्या, शहरभर शोधा..."

"हो. सहाच्या सहा पिशव्या मी अडवल्या होत्या."

ऋतुजाने डोळे मिटून घेतले. सुशीलाताईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण त्या पुढे आल्या, वाकल्या, दोन्ही हात बाळाखाली घातले आणि त्यांनी ते बाईंच्या मांडीवरून उचललं. मांडीवर बाळाची ऊब तेवढी राहिली.

सौरभ दाराशी उभा होता. त्याने फोन काढून आपलाच जुना मेसेज उघडला होता आणि तो खालपर्यंत वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "त्यांचं घर कुठे आहे?"

"अशोका गार्डनमध्ये," बाई घाईघाईने म्हणाल्या. "रेल्वेलाइनीकडच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. मी येते तुझ्याबरोबर."

सौरभने पत्ता लिहायला सुरुवात केली होती. तो मध्येच थांबला आणि त्याने बाईंकडे एकदा नीट पाहिलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी हॉस्पिटलातच विचारून घेतो." आणि चपला घालून तो बाहेर पडला.